मुठीतलं घड्याळ
परवा सदर बाजारात घड्याळाचा पट्टा बदलायला दिला आणि मोकळं मनगट बघून बीरगांवचे ते बाबा आठवले. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांपाशी नुसतं बसायचं कसं, हे आम्हा स्वयंसेवकांना एक निवृत्त नर्सबाई शिकवायच्या. "घड्याळ बाहेर काढून ठेव, पोट्टी," त्या म्हणायच्या, "पेशंटले आपली घाई दिसते." पहिल्याच दिवशी मी नेमकी विसरले. ज्यांच्यापाशी बसायचं होतं ते बाबा जन्मभर कारखान्यात राबलेले, जवळचं कोणी नव्हतं. वॉर्डात फिनेलचा उग्र वास, वर पंख्याची करकर. मी चोरून मनगटाकडे पाहिलं, तर ते क्षीण आवाजात म्हणाले, "जा नोनी, तोर बस छूट जाही." जा पोरी, तुझी बस सुटेल. स्वतःचे दिवस भरलेले, आणि काळजी माझ्या बसची! शरमेने घड्याळ काढलं. कुठे ठेवावं कळेना, तर त्यांनीच तळहात पुढे केला, मूठ मिटली आणि डोळा लागला. ती मूठ सोडवायचा मला धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी, बाबा गेल्यावर, नर्सबाईंनी घड्याळ आणून दिलं. आता नव्यांना मीच शिकवते. वॉर्डाच्या दाराशी तेच घड्याळ काढताना रोज मनात म्हणते, बाबा, सुटू दे बस.