धोंडूबाईचं वजन आणि तवंदी घाटातली मोरी

बोरगावच्या आदगोंडा पाटलांची बायको धोंडूबाई अंगानं भारी होती. हे सांगताना गावात कुणी आवाज हळू करत नसे, कारण ती स्वतःच ते सगळ्यांत मोठ्यानं सांगायची. खाली बसायचं झालं तर ती आधी भिंतीला हात लावायची, मग खांबाला, आणि मग "जिनेश्वरा" म्हणून अंग सोडून द्यायची. उठवायला सून चंदना लागायची. गुडघे तर असे दुखायचे, की देवळाच्या चार पायऱ्या चढून झाल्या की ती देवाच्या आधी गुडघ्यांपुढं हात जोडायची. निपाणीच्या डॉक्टरनं एकदा तपासून सांगितलं, "बाई, वजन जरा कमी करा."

"करतो की," धोंडूबाई म्हणाली. "काढून कुठं ठिवू तेवढं सांगा."

आदगोंडा मात्र काडीसारखा होता. तंबाखूची शेती, बोलणं थोडं आणि हसणं त्याहून थोडं. जेवायला बसला की एकदा बायकोच्या ताटाकडं बघायचा, एकदा आपल्या ताटाकडं बघायचा आणि मान खाली घालून जेवायचा. तोंडानं एक शब्द काढायचा नाही. धोंडूबाईला त्या बघण्याचा शिव्यांपेक्षा जास्त राग यायचा.

एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचा उन्हाळा असेल. धोंडूबाईच्या भावाचा मुलगा धनपाल कोल्हापूरला कॉलेजात होता, तो सुट्टीला आत्तीकडं आला. त्या वर्षी त्याला पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि ते काही त्याच्या पोटात ठरत नव्हतं. माजघरात बायका पापड लाटत बसल्या होत्या. धनपाल उंबऱ्यावर बसून ओल्या पापडाच्या लाट्या खात होता. मधेच म्हणाला, "आत्ती, वजन म्हंजी काय, ठावं हाय तुला?"

"मला इचारतोस?" धोंडूबाई म्हणाली. सगळ्या बायका हसल्या.

"तसं न्हाय गं. वजन आपलं नसतंय. जमीन आपल्याला खाली ओढती. त्या ओढीला वजन म्हंत्यात."

धोंडूबाईचं लाटणं थांबलं. "म्हंजी हे माझं न्हाय?"

"जमिनीमुळं हाय."

तिनं परसाकडं तोंड करून हाक मारली, "अवो! ऐकलासा काय? हे वजन माझं न्हाय, जमिनीचं हाय! उगंच इतकी वर्सं माझ्या ताटाकडं बघितलासा!"

गोठ्यातून आदगोंडाचा आवाज आला, "जमिनीला तू एकटीच गावलीस व्हय ओढायला?"

पण धोंडूबाईला आता असल्या बोलण्याची फिकीर नव्हती. तिनं धनपालला पुढं विचारलं, की ओढ कमी असलेलं ठिकाण कुठं आहे काय. धनपाल म्हणाला, आहे, चंद्रावर. तिथं माणूस सहाव्या हिश्शानं भरतो. "म्हंजी तितं तुझ्यासारख्या सहा जणी काट्यावर चढल्या, तर इथल्या एका धोंडूबाईएवढ्या भरत्याल."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत चंद्राशिवाय दुसरा विषय राहिला नाही. बायका दुपारच्या कामं घेऊन यायच्या आणि चंद्रावरचा संसार मांडायच्या. तव्यावरची भाकरी जोरात उलटली तर ती आढ्याला चिकटेल काय? धनपाल म्हणाला, चिकटणार नाही, पण खाली यायला एवढा वेळ लावील की तोवर दुसरी थापून होईल. पोराला लाडानं वर उडवलं तर? मग खाली येईपर्यंत आईनं शेजारणीशी बोलून घ्यावं. आणि नवऱ्यानं रागानं पाय आपटला तर? धनपाल हसला. म्हणाला, तो स्वतःच उडेल आणि डोकं आढ्याला आपटून घेईल. हे उत्तर बायकांना फारच आवडलं. त्यांनी ते त्याच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं.

"पर जायाचं कसं?" धोंडूबाईनं विचारलं.

"दिवाळीत बाण उडवतो की न्हाय, तसल्या मोठ्या बाणात बसून. अजून कुणी केल्याला न्हाय तसला. पर एक हाय. बाण सुटताना माणूस चार-पाच पट जड हुतंय. मोटार एकदम सुटली की आपण मागं दबतो, तसंच, पर लई जोरात."

"म्हंजी हलकं व्हायला जाताना आदी पाच धोंडूबाई व्हायचं?"

"व्हय."

तिनं थोडा विचार केला. "चालंल. पावण्याच्या घरी जाताना बी आदी दगदग हुतीच."

धनपालनं भीत भीत सांगितलं, की तिथं हवाही नाही आणि पाणीही नाही. त्याला वाटलं, आता आत्ती नाद सोडेल. धोंडूबाई उलट खूश झाली. "पाणी न्हाय? मग गाळायची कटकट मिटली!" पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून रोज सकाळी धडप्याच्या कापडातून पाणी गाळून गाळून तिचे हात दुखत. "आनि किडामुंगी?"

"काय बी जगत न्हाय तितं."

"मग पायाखाली जीव मरायचं पाप बी न्हाय! अरं, ही जागा जैनांसाठीच केल्याली हाय!"

चंदना बोलायला कमी, पण विचार करून बोलणारी. ती शेवया वाळत घालता घालता म्हणाली, "भाऊजी, तितं दिवस कवा मावळतो?"

धनपालनं सांगितलं, तिथला एक दिवस आपल्या पंधरवड्याएवढा असतो आणि रात्रही पंधरवड्याचीच.

माजघरात सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडं दिवस मावळला की तोंडात घास घालत नाहीत. धोंडूबाईनं तर कधी दिवेलागणीला शेंगदाणाही चावला नव्हता. चंदनानं तिच्याकडं बघितलं, तिनं धनपालकडं बघितलं, आणि धनपालनं खाली बघितलं.

"पंधरा दिवस उपास?" धोंडूबाईनं विचारलं.

"दर पंधरा दिसानी," परसदारातून आदगोंडा म्हणाला. इतके दिवस तो तिथूनच सगळं ऐकत असला पाहिजे. त्या दिवशी तो स्वतः होऊन चंदनाला म्हणाला, आज मला थोडी जास्त भाजी वाढ.

चंद्र असा रद्द झाला. धोंडूबाई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. धनपालला वाईट वाटलं. जायच्या आदल्या दिवशी तो तिच्याजवळ येऊन बसला. "आत्ती, हलकं व्हायला चंद्रावर जायाचं काय कारण न्हाय. पडताना माणसाला वजन नसतंय."

"पडताना?"

"व्हय. जवर खाली आपटत न्हाय, तवर. मोटारीतनं जाताना उंचवट्यावरनं गाडी उडाली की पोटात गोळा येतो बघ. त्या घडीला तुझं वजन काईच नसतंय."

धोंडूबाईचे डोळे मोठे झाले. ती दर अमावास्येला स्तवनिधीच्या जैन देवळात ब्रह्मदेवाच्या दर्शनाला जायची. परतीला तवंदीचा घाट उतरताना रस्त्यात ओढ्यावरची एक मोरी होती. मोरीवर रस्ता म्हशीच्या पाठीसारखा वर आलेला. तिथं गाडी उडायची आणि तिच्या पोटात काहीतरी व्हायचं. इतकी वर्षं तिला वाटायचं, देवाला निघताना रिकाम्या पोटी निघतो म्हणून होतंय.

"मला पटवून दे," ती म्हणाली.

धनपालनं जाणं पुढं ढकललं. पुढच्या अमावास्येला दोघं निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं स्तवनिधीला गेली. बरोबर घरातला स्प्रिंगचा काटा आणि गुळाची एक लहान ढेप घेतली होती. दर्शन झालं. परतीच्या गाडीत धनपालनं काटा वरच्या दांडीला अडकवला आणि त्याच्या आकड्याला ढेप टांगली. सगळे उतारू माना वळवून बघू लागले. गाडीचा ड्रायव्हर परशराम निपाणीचाच, धोंडूबाईच्या ओळखीचा. ती पुढं वाकून त्याला म्हणाली, "परशराम, मोरीवर जरा जोरात घे रं."

"का वो आक्का?"

"वजन घालवायचं हाय."

परशरामला काही कळलं नाही, पण जोरात घ्या असं म्हणणारा उतारू त्याला जन्मात पहिल्यांदा भेटला होता. त्यानं घेतलं. मोरी आली, मोटार उडाली, आणि काट्याची सुई सरळ शून्यावर गेली. ढेप हवेत राहिली. धोंडूबाई बसायच्या फळीपासून चांगली वीतभर वर गेली. ती पुढं आयुष्यभर सांगायची, की त्या घडीला आपल्याला गुडघे आहेत हेच ती विसरली होती.

मग गाडी खाली आली. गेलेलं वजन पाव्हणेरावळे घेऊन परत आलं. सुईनं खालचं टोक गाठलं, आकडा सुटला, आणि ढेप मागं बसलेल्या कचेरीतल्या एका कारकुनाच्या टोपीवर पडली. धोंडूबाईखालची फळी कडाडून मोडली. कारकून ओरडायला लागला. धनपाल "शून्य! शून्य!" म्हणून ओरडत होता. धोंडूबाई मोडक्या फळीत बसून म्हणाली, "परशराम, माघारी फिरव. आनि एकदा."

फिरवली नाही, पण पुढच्या अमावास्येला ती पुन्हा गेली. मग तिच्या पुढच्या अमावास्येलाही. घरी येऊन ती सांगायची आणि ज्या बायकांचे गुडघे दुखत त्या ऐकायच्या. हळूहळू स्तवनिधीच्या ब्रह्मदेवाला भक्तिणी वाढल्या. गल्लीतली राजाबाई आली, तिच्या दोन्ही जावा आल्या, बेडकीहाळची एक विहीण आली. सगळ्या एकाच मोटारीत, एकाच फळीवर. मोरी दिसली की धोंडूबाई ओरडायची, "आली गं!" आणि सगळ्या जणी पदर सावरून, पाय सैल सोडून तयार व्हायच्या. गाडी उडाली की कुणी "आई गं" म्हणायची, कुणी णमोकार मंत्र म्हणायची. बेडकीहाळची विहीण नुसती हसायची, ती निपाणी येईपर्यंत हसतच असायची.

मोटारीचे स्प्रिंगचे पाटे काही हसत नव्हते. दोनदा मोडले. मालकानं परशरामला बजावलं, मोरीवर हळू. परशराम तोंड पाडून धोंडूबाईला म्हणाला, "आक्का, आता न्हाय जमायचं. मालक म्हंत्यात, तुमच्या बायका देवाला चालत जाऊ द्यात."

"तुझ्या मालकाला गुडघं हाईत काय?"

"हाईत की."

"दुखत न्हाईत मग." एवढं बोलून ती मोटारीत बसली आणि परशरामनं मोरी थोड्या कमी जोरानं का होईना, पण उडवलीच.

हे काही वर्षं चाललं. मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. मोटार छपराखाली जाऊन उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. धोंडूबाई बैलगाडीतून स्तवनिधीला जाऊ लागली, पण बैलगाडी मोरीवरून जाताना नुसती कुरकुरायची. धोंडूबाई उदास झाली. गुडघे जास्तच दुखू लागले.

त्रेचाळीस सालच्या नागपंचमीला परसातल्या चिंचेला मुलींनी झोका बांधला होता. धोंडूबाई ओट्यावर बसून बघत होती. झोका वर जाई, घडीभर थांबे आणि खाली येई. खाली येताना मुलींच्या तोंडावर काय उमटतं ते तिनं नीट बघितलं. ते तिच्या ओळखीचं होतं.

"चंदना, हात दे गं."

"आत्याबाई, न्हाय. दोर जुना हाय."

"जमीन बी जुनीच हाय. हात दे."

तिला झोक्यावर बसवायला चौघी लागल्या आणि झोका द्यायला सहा. आधी झोका नुसता डुलला. मग चिंच डुलली. मग मुलींना जोर चढला, त्या गाणं म्हणू लागल्या आणि धोंडूबाई एकदा पुढं, एकदा मागं, दर वेळी अधिक वर जाऊ लागली. "अजून!" ती वरून म्हणाली. "अजून गं!" झोका जोरात पुढं वर चढत असतानाच दोर तुटला.

धोंडूबाई कुंपणावरून गेली. ते बघणाऱ्या मुली आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण त्या अजून सांगतात, की ती ओरडली नाही. हात पसरून, पदर उडवत, अगदी निवांत गेली. पलीकडं उकिरडा होता. श्रावणातल्या पावसानं भिजून तो गादीसारखा मऊ झाला होता. धोंडूबाई त्यात कमरेपर्यंत बसली.

सगळं घर धावलं. चंदना रडत होती. आदगोंडा काठी टाकून धावत आला, त्याला धावताना गावानं त्याआधी बघितलं नव्हतं. तिला कुठं लागलं काय म्हणून सगळे विचारत होते. धोंडूबाई शेणात बसून समाधानानं म्हणाली, "काई नव्हतं. अंगात वजन म्हणून काई नव्हतं. मोरीपेक्षा लई वेळ."

ही बातमी ऐकून धनपाल चिकोडीहून भेटायला आला. तो तिथं मास्तर झाला होता. धोंडूबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्ती, चंद्र बी असाच पडत असतोय. कायमचा."

"पडतोय? कवापासनं?"

"पयल्यापासनं. पर तो आडवा बी पळतोय, म्हणून जमिनीला चुकवून पडतोय. सारखा पडतोय आनि सारखा चुकतोय."

धोंडूबाईनं वर आभाळाकडं बघितलं. मग म्हणाली, "बिचारा. त्याला उकिरडा गावंना म्हण की."

धनपाल गेला. त्या दुपारी आदगोंडा बायकोजवळ येऊन उभा राहिला. कितीतरी वर्षांत तो असा आपण होऊन आला नव्हता. मग खांबाशीच बोलल्यासारखं त्यानं विचारलं,

"पडताना खरंच काय वाटत न्हाय?"

"न्हाय."

"मला बी वाटायचं न्हाय?"

"तुमचं वजन हाय केवढं, जातंय किती!" धोंडूबाई म्हणाली.

तो काठी घेऊन परसात गेला. धोंडूबाई ओट्यावरून बघत होती. आदगोंडानं काठी चिंचेला टेकवून ठेवली, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि कुंपणाच्या मातीच्या बांधावर चढला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, गल्लीत कुणी नाही याची खात्री केली. मग डोळे मिटून त्यानं उकिरड्यात उडी मारली.

धोंडूबाईनं हाक मारली नाही. ती फक्त आत तोंड करून म्हणाली, "चंदना, अंघोळीला पाणी तापत ठिव गं. मोठ्या हंड्यात."