साडू, जेसीबी आणि कढीपत्ता

जेसीबीने सुटणार नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचा आहे, अशी आमच्या साडूंची श्रद्धा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कल्याणला राहतात आणि लहानसहान बांधकामं घेतात. कुणाचं कंपाउंड, कुणाची सेप्टिक टाकी, कुणाच्या बैठ्या घराच्या जागी दोन मजले. जिथे दोन माणसं फावडी घेऊन दिवसभरात काम उरकतील, तिथेही यांचा पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. मी नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. तिथे आले की गॅलरीतल्या माझ्या कुंड्यांकडे ते अशा काही दयेने बघतात, की आपण फारच किरकोळ आयुष्य जगतोय असं मला वाटायला लागतं. एकदा मी कुंडीतली माती बदलत बसलो होतो, तर म्हणाले, "इथवर मशीन चढत नाही हो, नाहीतर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी खरोखर हळहळून सोडून दिलं.

मशीन यायच्या दिवशी त्यांना बघावं. एरवी हलवून उठवावं लागणारा हा गृहस्थ त्या दिवशी भल्या पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतो. चाकाखाली लिंबू, बकेटीवर नारळ, ऑपरेटरला पहिला चहा. ज्याचं काम आहे त्या बिचाऱ्याला चहा उरला तर उरला. मग स्वतः समोर उभे राहून दोन्ही हातांनी "येऊ दे, येऊ दे, बस" असं चालतं. ऑपरेटर त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, पण खड्डा आपल्या हातवाऱ्यांमुळेच सरळ आला याबद्दल साडूंना शंका नसते. यांना स्वतःला साधी स्कूटर चालवता येत नाही, हे मी फक्त माहितीसाठी सांगतो.

खरी भानगड पुढेच. जेसीबीचं भाडं तासावर असतं, आणि काम एवढंसं असलं तरी ठरावीक तासांचे पैसे द्यावेच लागतात. टाकीचा खड्डा त्याच्या कितीतरी आधी होऊन जातो. उरलेल्या वेळात मशीन नुसतं उभं राहणं म्हणजे साडूंच्या लेखी ताटात अन्न टाकून उठणं. मग ते गल्लीभर फिरून "वहिनी, तुमच्याकडे काही खणायचंय का?" असं विचारत सुटतात, जसं एखाद्याने बाजारात जाताना कोथिंबीर आणू का म्हणून विचारावं. एका बाईंनी भिडेपोटी मागच्या अंगणातला एक कोपरा दाखवला. साडूंनी तो साफ करून दिला, त्याबरोबर त्यांचं अळू साफ केलं आणि गल्लीची नवी पाण्याची लाइनही. पाइप जोडून होईपर्यंत साडू स्वतः घरोघर हंडे पोचवत होते, आणि मशीन होतं तेव्हाच गटारही खोल करून घ्यायला हवं होतं असं ज्याला त्याला सांगत होते.

आता आमच्या सासूबाई. त्यांना दोन मुलीच. सासरे गेल्यावर आंबिवलीच्या बैठ्या घरात एकट्याच राहायच्या. घर गळायला लागलं तेव्हा ते पाडून दुमजली बांधायचं ठरलं, आणि काम अर्थातच थोरल्या जावयाकडे. सासूबाईंनी कशालाच हरकत घेतली नाही. फक्त मागच्या दारच्या कढीपत्त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घर खुशाल पाडा. हे झाड मात्र जगलं पाहिजे." लग्न होऊन आल्या तेव्हा कोकणातल्या माहेराहून पत्र्याच्या डब्यात आणलेलं ते रोप. माहेरचं घर आता नाही, माणसंही नाहीत, राहिलं ते एवढंच. आणि झाड नेमकं नव्या घराच्या पायात येत होतं. साडू म्हणाले, "आई, काळजी करू नका. मशीन आहे." अळू कोणी विसरलं नव्हतं.

पण त्या दिवशी मी नवलच पाहिलं. मशीन बाजूला उभं करून साडू इस्त्रीच्या शर्टानिशी मातीत बसले आणि खुरप्याने झाडाभोवती उकरत राहिले. एकेक मूळ हाताने मोकळं केलं, मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधला, आणि मगच बकेट पुढे घ्यायला सांगितली. आंबिवलीहून कल्याणला वरात निघाली. पुढे बकेटीत झाड घेतलेला जेसीबी, मागे रिक्षात आम्ही. साडू अर्धे बाहेर लटकून ऑपरेटरला "हळू रे, हळू" ओरडत होते, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना "पेशंट आहे" म्हणून सांगत होते.

झाड साडूंच्या अंगणात लागलं, आणि घर होईपर्यंत सासूबाईही त्यांच्याकडेच राहायला आल्या. जावयाच्या घरी राहायचं म्हणून बाई संकोचाने अर्ध्या झाल्या. कपडे पिशवीतून काढायच्या आणि घडी करून पुन्हा पिशवीतच ठेवायच्या. मेहुणीने कपाटातला कप्पा रिकामा करून दिला, तो तसाच राहिला. तिकडे झाडाने सगळी पानं गाळली. नुसता दांडका उभा. रोज सकाळी साडू नखाने साल खरवडून आत हिरवं दिसतंय का बघायचे आणि सासूबाई शेजारी उभ्या राहायच्या. ज्यांचं आजवर "चहा घेणार?" यापलीकडे बोलणं नव्हतं, ती दोघं त्या दांडक्यापाशी तासन्‌तास गप्पा मारायला लागली. एके दिवशी बुंध्याशी कोंब दिसला, तर साडूंनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं.

आंबिवलीचं घर पुरं झालं. सासूबाईंचं सामान न्यायला मी कल्याणला गेलो होतो. तेवढ्यात साडू जेसीबी घेऊनच दारात हजर. नव्या घराचं अंगण सपाट करून झालं होतं, वेळ उरला होता. "आई, मशीन आहेच आत्ता. झाडही परत नेऊन लावू."

सासूबाईंनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मूळ धरलंय त्याने इथे. आता नका हलवू त्याला."

आणि मग कुणाकडेही न बघता, "मलाही."

साडूंनी ऑपरेटरला हाताने खूण करून मशीन बंद करायला लावलं आणि ओट्यावर जाऊन बसले. भाड्याचा वेळ संपेपर्यंत जेसीबी गल्लीत नुसता उभा होता, आणि साडू कुणाच्याही दारात विचारायला गेले नाहीत. सासूबाईंनी चहा केला. पहिला कप थोरल्या जावयाला दिला.

आंबिवलीच्या घरात आता भाडेकरू आहेत. त्या दिवशी संध्याकाळी मी निघालो तेव्हा अंगणातल्या दोरीवर सासूबाईंची ती कपड्यांची पिशवी धुऊन, उलटी करून वाळत घातलेली होती.