आफ्रिकेचा पिक्चर आणि पवार मास्तरांचा माईक

आमच्या रहिमतपूरच्या चित्रपट मंडळाचा प्रोजेक्टर कधीच भंगारात गेला, पडद्याची घरोघरी फडकी झाली, पण किस्से मात्र वाढतच चाललेत! जुनी मंडळी जमली की एखादा निघतो आणि दरवेळी त्याला नवं शेपूट फुटलेलं असतं. आफ्रिकेच्या पिक्चरचे तेवढे मी बिनशेपटीचे सांगतो. मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे पवार मास्तर अध्यक्ष, पलटणीतून पेन्शनीत निघालेला बाबूराव ऑपरेटर, आणि पडदा बांधायला मी.

*

साठ सालानंतरचे दिवस. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीनं तो पिक्चर फुकट दाखवायला दिला. पत्र्याच्या डब्यांत रिळं. सातारा स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय?"

बाबूराव छाती काढून म्हणाला, "आफ्रिका हाय!"

"मग टपावर टाका. आत मानसांनाच जागा न्हाई!"

*

गोष्ट एका तरुण पोराची. शहरात शिकायला गेलेला, मनानं खचून घरी आलेला. कुणाशी बोलेना, जेवेना. पिक्चरची भाषा आमच्यात कुणालाच येत नव्हती. सोबत इंग्रजीत चार ओळी आल्या होत्या, तेवढ्यावर मास्तर माईक धरून मराठीत सांगणार होते.

त्या चार ओळी मास्तरांनी दोनदा वाचल्या आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांचा मुलगा दिनकर असाच सांगलीचं कॉलेज अर्ध्यात टाकून घरी आला होता. पावसाळ्यापासून त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. मास्तर चारचौघांत चेष्टामस्करी करायचे, पण पोरानं एकदा "आबा" म्हणावं म्हणून त्यांचा जीव तळमळत होता.

*

पहिला खेळ कोरेगावला. आफ्रिका म्हटल्यावर ही गर्दी! अर्धा पिक्चर झाला तरी पडद्यावर पोरगं आपलं खाटेवर पडलेलं. शेवटी एक म्हातारा उठलाच, "आवं, सिंव्ह कवा येनार?"

मास्तर माईकवर म्हणाले, "आलाय. पोराच्या डोक्यात बसलाय, म्हणून दिसत नाही."

*

रीळ बदलताना अंधारातून सल्ले सुरू व्हायचे. मास्तरांच्या घरची गोष्ट गावोगाव पोचलेली, त्यामुळे ते त्या पोराला आणि दिनकरला सारखेच.

"लगीन लावा त्येचं! लगेच बोलाय लागतंय का न्हाई बगा!"

मागून आवाज आला, "लगीन झाल्यापास्नंच माजं बोलनं बंद झालंय!"

*

माण तालुक्यात खेळ केला तेव्हा एक धनगरबाबा अगदी पडद्याला चिकटून बसले होते. पडद्यावर शेळ्या दिसल्या तसे म्हणाले, "देश कुठला बी असंना गड्या, शेरडं आपलीच!" पिक्चर संपल्यावर मास्तरांनी कौतुकानं विचारलं, "काय बाबा, कळली का गोष्ट?"

"कळली की. ती कोपऱ्यातली शेरडी लंगडत व्हती. तिच्याकडं कुनी बगितलंच न्हाई!"

*

फलटणला साखर कारखान्याच्या आवारात बाबूरावानं शेवटचं रीळ आधी लावलं. त्यामुळे पोरगं सुरुवातीलाच हसलं, घराबाहेर पडलं, आणि शेवटी भिंतीकडं तोंड करून बसलं. दिवे लागले. पण एकही कामगार उठेना!

"आवं, त्येला असा सोडून कुठं निगालाय? बरा करा की!"

बाबूरावानं निमूट ते हसरं रीळ पुन्हा चढवलं. पोरगं बरं झालं, तेव्हा कुठं लोक घरी गेले. मास्तर म्हणाले, "बाबूराव, डॉक्टरांना जमलं नाही ते तुम्ही रीळ बदलून केलंत!"

"हुकूम करा मास्तर, दिनकरचं बी करतो."

मास्तर हसले आणि मग चष्मा पुसत बसले.

*

गावागणिक मास्तरांचं मराठी लांबत चाललं. पडद्यावर पोरगं नुसतं हुंकारलं तरी मास्तर सांगायचे, "तो म्हणतो, आई, मला आता पुष्कळ बरं वाटतंय. तुम्ही काळजी करू नका."

बाबूराव कुरकुरायचा, "पोरगं दोन शब्द बोलतंय, आन् मास्तरांचं भाषान सरंना!" मी त्याला कोपरानं ढोसायचो. मास्तर कुणाच्या वतीनं बोलतात, ते आम्हाला कळत होतं.

*

शेवटचा खेळ आमच्याच गावात, शाळेच्या पटांगणात. मास्तरांच्या मंडळी दिनकरला हाताला धरून घेऊन आल्या आणि पुढं बसल्या. ते बघून मास्तरांना असा काही हुरूप चढला की विचारू नका.

पडद्यावरची आई ताट घेऊन खोलीत आली. पोरगं काहीतरी पुटपुटलं. मास्तर सुटले, "तो म्हणतो, आई, मी आता अगदी बरा आहे! उद्यापासून अभ्यासाला लागेन, मोठा होईन, तुमचं नाव..."

"न्हाई."

आवाज घोगरा, न वापरलेला. दिनकर उभा राहिला होता.

"आबा, त्यो असं म्हनत न्हाई."

माईकमधून मास्तरांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांचं ते छापील मराठी कुठल्या कुठं गेलं.

"मग... मग काय म्हनतोय रं, दिनू?"

"त्यो म्हनतोय, आबा, जरा गप बसा."

मास्तरांनी माईक माझ्या हातात दिला आणि प्रोजेक्टरच्या उजेडातूनच ते दिनकरकडं निघाले. त्यांची सावली अख्ख्या पडद्यावर पडली. त्या दिवशी कुणीही "खाली बसा" म्हणून ओरडलं नाही.