फरीदाबादच्या तिसऱ्या

समुद्राकाठी राहून समुद्रावर संशोधन केलं, तर माणसाकडे बहुधा नुसते निष्कर्ष साठतात. आम्ही फरीदाबादला बसून कोकणातल्या शिंपल्यांची चरबी तपासायचो, म्हणून आमच्याकडे किस्से साठले.

लॅबमध्ये माणसं तीन. प्रमुख सबनीसबाई, अलिबागचा रूबेन आणि दिल्लीतच वाढलेली मी. शिंपल्यांच्या मांसातलं तेल काढायचं, त्यातली फॅटी ॲसिड्स मशीनवर वेगळी करायची, आणि एखादं निराळं सापडलं तर ते सूज कमी करतं का, हे पेशींवर तपासायचं, एवढं काम.

माझ्या पहिल्याच आठवड्यात रूबेनचा विमानतळावरून फोन आला, "तिसऱ्या आल्यात, घेऊन निघतोय." आम्ही घरी मराठी बोलायचो, पण बरेच शब्द दिल्लीपर्यंत पोचलेच नव्हते. मला वाटलं, कुणी पाहुण्या असतील. मी विचारलं, "आणि पहिल्या दोघी?"

मग तो म्हणाला, "शिंपले आहेत यार, थर्माकोलच्या डब्यात. त्यांना चहा सांगू नकोस."

*

जानेवारीत मशीनच्या आलेखावर एक नवीनच उंच शिखर दिसलं. शिंपल्यात सहसा न सापडणारं ॲसिड! रूबेनने घरी फोन करून आईला सांगूनसुद्धा टाकलं. बाईंनी कागद हातात घेतला, नाव वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे मोहरीच्या तेलातलं आहे. तिसरी फोडणी घालून आली का?"

चौकशीत कळलं, की थंडीने फुटलेल्या हातांना रूबेन घरमालकिणीच्या सल्ल्याने रोज सरसों का तेल चोळत होता. ग्लव्ह्ज चढवायचा, तेही तेलकट बोटांनीच.

*

एकदा तपासणीसाठी एक बडे साहेब आले. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी मराठीतच विचारलं, चवीला कशा असतात या? बाई शाकाहारी. रूबेन बेने इस्राएली ज्यू, त्याच्या धर्मात शिंपले चालत नाहीत. मला ॲलर्जी, नुसतं बोट लागलं तरी अंगावर पित्त उठतं. तिघांनीही आपापलं कारण सांगितलं.

"मग इथे खातं तरी कोण?" साहेबांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "मशीन."

*

पुढे खरोखरच निराळं ॲसिड सापडलं, रासायनिक बंध भलत्याच जागी असलेलं. पेशींवर सूजही कमी झालेली दिसली. ही बातमी आमच्या शेजारच्या चोप्रा अंकलपर्यंत पोचली आणि ते दुखरा गुडघा घेऊन थेट लॅबमध्ये हजर झाले. माणसांना द्यायला अजून फार वेळ आहे, हे मी परोपरीने सांगितलं. निदान बघू तरी दे, म्हणाले. पोतंभर शिंपल्यांतून निघालेला सगळा ऐवज ज्या नळीच्या तळाशी होता, ती मी त्यांना दाखवली.

त्यांनी ती उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. "बेटा, इसमें तो कुछ है ही नहीं."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं. मेहनत करते रहो."

*

पण एकदा आलेल्या निकालावर कोण विश्वास ठेवणार? तो पुन्हा दाखवण्यासाठी आम्ही नवीन शिंपले मागवले. ते आले आणि ऐन जूनमध्ये लॅबचा ट्रान्सफॉर्मर उडाला. फ्रीझर तापायला लागला. मोसम संपला होता, आता पुन्हा मिळणार नव्हते. शेवटी बाईंनी शिंपल्यांच्या दोन्ही पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या घरी नेल्या. ज्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही, त्या घरी! ऑफिसचं सामान आहे, हात लावू नका, असं सासूबाईंना बजावून त्या परत आल्या.

संध्याकाळी वीज आली. पिशव्या आणायला बाईंबरोबर मीही गेले. दार उघडलं आणि ओल्या खोबऱ्याचा खमंग वास आला.

टेबलावर पातेलं होतं. त्यात तिसऱ्यांचं सुकं. प्रत्येक शिंपला नीट उघडलेला, एक कवच काढून टाकलेलं, मांस दुसऱ्यात राखलेलं. बाई धावत फ्रीझरकडे गेल्या. दुसरी पिशवी शाबूत होती. पुढे तिच्यावरच आमचा निकाल पुन्हा तसाच आला, पण त्या क्षणी बाईंना निकालाचं भान नव्हतं. सासूबाईंनी ऐंशी पार केलेली, आणि लग्न होऊन आल्यापासून त्या याच शाकाहारी घरात.

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि हळूच विचारलं, "आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आमसूल नव्हतं घरात," त्या म्हणाल्या. "चिंच घातलीय."