सवतीचा टाक

माझी आई सरुबाई तापानं गेली आणि वर्षाच्या आत वडलांनी, रखमाजींनी, झुंबरबाईला घरात आणलं. मी तिला मावशी म्हणायची. मळवलीत तेव्हा रीत होती, पहिली बायको मेली की तिची मूर्ती उठवलेला रुपेरी पत्र्याचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा. नाहीतर मेलेली सवत सुखानं नांदू देत नाही म्हणे. वडलांनी बाजारातून भेसळीचा, स्वस्तातला टाक आणला.

महिनाभरात मावशीच्या गळ्याला पुरळ उठलं, मग त्यातून पाणी सुटायला लागलं. आजी म्हणाली, "सरू चावती हिला. पोरीत जीव न्हाई हिचा, म्हनून."

देवऋषी आला. कोंबडं घेऊन गेला आणि जाताना टाक आणखी घट्ट बांधायला सांगून गेला. भात कापताना घाम झोंबला की मावशी बांधावर बसून रडायची. बिचारी मला कधी वावगं बोलली नाही, पण माझी वेणी घालून झाली की लगेच लांब सरायची. मला मात्र बरं वाटायचं. आई गेली नव्हती, माझ्यासाठी भांडायला मावशीच्या गळ्यात येऊन बसली होती.

मावशीची मान वळेना तेव्हा वडलांनी आम्हा दोघींना लोणावळ्याला गंगाधर डॉक्टरांकडे नेलं. आता ज्याला अ‍ॅलर्जी म्हणतात ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. "एखाद्याच्या कातडीला एखादा धातू सोसत नाही, दुसऱ्याला काही होत नाही. मलमानं आग थांबेल. पण हा टाक अंगावर राहिला तर पुन्हा उठणार. काढून टाका, नाहीतर चोख सोन्याचा करा."

सोनं कुठलं आमच्याकडे! वडील म्हणाले, "काढला तर ती कोपंल की, डॉक्टर."

डॉक्टरांनी टाक कापडाच्या पट्टीनं मावशीच्या डाव्या दंडावर बांधला. उजव्या दंडावर तसल्याच धातूचं, कमरेच्या पट्ट्याचं एक कोरं बकल बांधलं. दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा त्यांनी पट्ट्या सोडल्या, तर दोन्ही दंड सारखेच फुललेले.

"सरू दंडावर उतरली," वडील पुटपुटले.

डॉक्टर भडकले. "आणि या बकलात कोण बसलंय? परवाच दुकानातून आणलंय मी!"

मी त्या बकलाकडे बघत राहिले. त्याच्यावर कुणाचा चेहरा नव्हता, तरी तेही मावशीला चावलं होतं.

टाक देव्हाऱ्यात गेला. आजी धुसफुसत राहिली, पण मलम लावून गळा सुकला. मावशी पुढं पुष्कळ जगली, तीन पोरं वाढवली आणि मला त्यांच्याहून कमी कधी केलं नाही. गळा बरा झाला त्या सकाळी तिनं मला पहिल्यांदा पोटाशी धरलं.

"तुजी आई मला काय बी करत न्हवती गं," ती हसत म्हणाली. "आमी उगाच तिचं नाव घेतलं. ती न्हवतीच तितं."

मी हंबरडा फोडला. मावशी घाबरून विचारत राहिली, काय झालं, कुटं दुखतंय. तिला काय सांगणार? आई मेली होती माझी.