बारा आण्यांचे मास्तर

पेडण्याच्या बाजारात कुणी "मी ह्या डोळ्यांनी पाहिलं" म्हटलं, की आमचे ड्रॉइंगचे शाबलो मास्तर चहाची कपबशी खाली ठेवून विचारायचे, "कितले आणे?" आपली खात्री किती, ते सोळांपैकी सांगायचं. कुणी छाती फुगवून सोळा म्हटलं, की मास्तर पुन्हा कपबशी उचलत. "सोळा आणे देवाक. माणसाक बारा जाले पुरो."

शाळेत त्यांनी एकदा आम्हाला रोज दारात पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल आठवून काढायला लावली. पाव आम्ही दात आल्यापासून खाल्लेले, त्यामुळे प्रत्येकाने कागदाच्या कोपऱ्यात सोळा आणे लिहिले. निम्म्यांचा भोंपू उजवीकडे आला, निम्म्यांचा डावीकडे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो मधोमध होता. मास्तर रागावले नाहीत, ते आम्हाला जास्त लागलं.

पुढे नाक्यावर एका ट्रकने स्कूटरवाल्याला उडवलं आणि ट्रक पळाला. पोलिसांनी सावंतवाडीकडच्या संतोषला धरलं. तो खाणीवरचा लाल ट्रक चालवायचा. तो लाल ट्रक अख्ख्या बाजाराने पाहिला होता, त्या वेळी घरी घोरत पडलेल्यांनीसुद्धा. मास्तर मात्र खरोखरच नाक्यावर होते. चौकीत ते म्हणाले, "ट्रक हिरवो. बारा आणे." फौजदारांनी बाकीच्यांचे सोळा धरले आणि मास्तरांचे बारा सोडून दिले. संतोषची नोकरी गेली.

मला मास्तरांचाच राग आला. चार आणे चढवून सांगितले असते तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं.

"मागीर तांच्यांत आनी म्हज्यांत फरक कितें?"

पण रोज सकाळी ते चौकीत जाऊन तेच बारा आणे पुन्हा सांगून येत. पोलीस कंटाळले, मास्तर कंटाळले नाहीत.

शेवटी हिरवा ट्रक सापडला आणि संतोष सुटला. बाजार म्हणाला, आम्हाला पहिल्यापासून सोळा आणे ठाऊक होतं.

मास्तर गेले. त्यांच्या नावाने चित्रकला स्पर्धा ठरली, तेव्हा ते कोणत्या हाताने चित्र काढायचे यावरून बैठकीत वाद झाला. उजवेवाले जास्त ठाम होते, म्हणून फलकावरच्या मास्तरांच्या उजव्या हातात ब्रश आला.

स्पर्धेच्या दिवशी संतोष त्या फलकाखाली उभा दिसला. मला बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं, "मास्तर डावखुरे होते मां?"

"बारा आणे," मी म्हणालो.

त्याने डोळे पुसले. "माकाय बाराच."