काकांची जुनी लेन्स

बेसा भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. स्वतःच्या लग्नाच्या वेळी घेतलेली लेन्स ते नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरतात. अशा जोडणीत फोकस आपोआप होत नाही. काका श्वास रोखून लेन्सची रिंग केसभर फिरवतात, मागे आणतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "आलं, आलं... गेलं." मुलीने घेऊन दिलेली नवी लेन्स कपाटातच पडून आहे.

"या काचेतून तुझी काकू अजून तशीच दिसते गा," ते मला म्हणाले होते.

रोज सकाळी बाल्कनीत ते काकूंचा एक फोटो काढतात. काकूंची स्मृती हल्ली पार गेली आहे. "पहिले ओरडावं लागे, हलू नको वं म्हणून," काका एकदा म्हणाले. "आता हलतच नाही."

परवा त्यांनी मला दोघांचा फोटो काढायला बोलावलं. ते शेजारी बसताच काकू अंग चोरून सरकल्या आणि मला म्हणाल्या, "हा माणूस कोण होय? त्याले उठव गा इथून."

काका लगेच उठले. माझ्या हातातून कॅमेरा घेत ते अदबीने म्हणाले, "मी फोटोवाला आहे, बाई. तुमचा फोटो काढायले आलो."

काकूंनी पदर नीट केला आणि त्या छान हसल्या. काका रिंग फिरवत राहिले, पण त्यांना फोकस काही जमेना. डोळे पुसून ते पुन्हा कॅमेऱ्यावर वाकले, तोवर काकूंचं हसू मावळलं होतं.